सरसेनापतीविना सिल्वासा

२ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पोर्तुगीजांच्या हातून सुटलं, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. पण ती मोहीम कुणाच्या हुकमाने चालली असं विचारलं, की उत्तरं फुटतात. कुणी आझाद गोमंतक दलाचं नाव घेतं, कुणी पुण्याहून आलेल्या संघाच्या स्वयंसेवकांचं, कुणी फ्रान्सिस मास्करेन्हस यांच्या युनायटेड फ्रंट ऑफ गोअन्सचं. तलासरीच्या अंगाला लाल बावट्याखाली वाढलेली माणसं कम्युनिस्टांचं आणि वारल्यांचं घेतात. यातलं एकही उत्तर खोटं नाही. अडचण एवढीच, की या सगळ्यांच्या वर बसलेला सेनापती कुणीच नव्हता. दादरा आणि नगर हवेलीचा ४९१ चौरस किलोमीटरचा मुलूख, बहात्तर गावं, राखणीला दीडशेच्या आसपास सशस्त्र पोलीस, चढाईला निदान चार वेगवेगळे गट आणि सर्वोच्च हुकूम द्यायला एकही माणूस नाही. लष्करी हिशेबाने ही मोहीम पहिल्याच रात्री विस्कटायला हवी होती. ती तीन आठवड्यांत फत्ते झाली.

हे कसं जमलं ते कळायला याच्या अगदी उलट टोकाची व्यवस्था शेजारी ठेवून बघावी. ती होती सोव्हिएत रशियात, आणि १९५४ साली तिला मानणारे लोक सिल्वाशापासून काही कोसांवरच काम करत होते.

सोव्हिएत व्यवस्थेचा पाया संशयाचा होता. १९१८च्या यादवीत ट्रॉट्स्कीने लाल सेना उभारली तेव्हा त्याला हजारो झारशाही अधिकारी कामावर घ्यावे लागले. युद्ध त्यांनाच येत होतं, पण त्यांच्यावर भरवसा कोण ठेवणार? म्हणून प्रत्येक सेनापतीच्या शेजारी पक्षाचा एक कॉमिसार बसवला. सेनापतीच्या हुकमावर त्याची सही नसेल तर तो हुकूम हुकूमच नव्हे. पुढे वीस-पंचवीस वर्षं ही पद्धत कधी काढली, कधी पुन्हा आणली. हिटलर चालून आल्यावर जुलै १९४१मध्ये कॉमिसार परत आले, आणि ऐन स्टालिनग्राडच्या लढाईत, ९ ऑक्टोबर १९४२ला, ते पद पुन्हा रद्द झालं. एका गाडीला दोन गाडीवान चालत नाहीत हे तोवर बरंच रक्त सांडून कळलं होतं. तरी पक्ष बाहेर गेला नाही. प्रत्येक आघाडीच्या लष्करी मंडळात पक्षाचा एक सदस्य राहिलाच. स्टालिनग्राडला त्या जागी निकिता ख्रुश्चेव्ह होते.

माथ्यावर मात्र दुहेरी कारभाराला थारा नव्हता. युद्ध सुरू झालं २२ जून १९४१ला. दुसऱ्याच दिवशी ‘स्ताव्का’ हे सर्वोच्च लष्करी मुख्यालय स्थापन झालं, अध्यक्ष मार्शल तिमोशेंको. ३० जूनला त्याच्याही वर राज्य संरक्षण समिती आली. तिच्यात पाच माणसं होती, स्टालिन, मोलोटोव्ह, वोरोशिलोव्ह, मालेंकोव्ह आणि बेरिया, आणि सगळ्या देशाची सत्ता. १० जुलैला स्टालिनने स्ताव्का आपल्या हाती घेतली, १९ जुलैला संरक्षण खातं, ८ ऑगस्टला सर्वोच्च सेनापतिपद. पक्षाचं सरचिटणीसपद आणि सरकारचं प्रमुखपद आधीपासून होतंच. दीड महिन्यात पाचही टोप्या एकाच डोक्यावर आल्या. पक्ष मोठा की सेना, असा वाद घालायला मग समोर कुणी उरलंच नाही.

ही यंत्रणा रोज कशी चाले, याचं वर्णन जनरल श्तेमेंको यांनी आठवणींत केलं आहे. मुख्य लष्करी कार्यालयाचा अहवाल दिवसातून तीनदा स्टालिनपुढे जाई. सकाळचा आणि दुपारचा बहुधा फोनवर, आणि रात्रीचा समक्ष, लांबलचक टेबलावर नकाशे पसरून. जनरल अंतोनोव्ह तीन रंगांच्या फायली घेऊन जात. लाल फाइलीत तातडीचे हुकूम, ते तिथल्या तिथे सही होऊन सुटायचे. निळीतले कागद सवडीचे, पण शक्यतो त्याच रात्री उरकायचे. हिरव्या फाइलीत बढत्या आणि पदकं. ती साहेबांचा मूड बघूनच उघडायची! एवढ्या अवाढव्य युद्धाची सर्वोच्च हुकमत शेवटी एका माणसाच्या झोपेच्या वेळेवर आणि मर्जीवर टेकली होती. ती परिणामकारक होती यात वाद नाही, पण १९४१च्या उन्हाळ्यात त्याच एका डोक्याच्या चुकांनी लाखो सैनिक वेढ्यात सापडले, हेही त्याच व्यवस्थेचं काम.

चीनच्या कम्युनिस्टांनी उलट बाजूने, तळातून सुरुवात केली. १९२७च्या पडझडीनंतर माओने प्रत्येक कंपनीत पक्षाची शाखा बसवली, आणि बंदुकीवर पक्षाची हुकमत हे तिथलं पहिलं सूत्र झालं. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस याच सैन्यात, आठव्या रूट आर्मीत, डॉक्टर होते. १९४२ साली मृत्यूच्या काही महिने आधी तेही त्या पक्षाचे सभासद झाले.

आता आपल्या बाजूला या. ठाणे जिल्ह्याच्या उत्तरेला, नगर हवेलीला लागून असलेल्या वारली मुलखात १९४५पासून शामराव आणि गोदावरी परुळेकर किसान सभेचं काम करत होते. जानेवारी १९४५च्या टिटवाळ्याच्या परिषदेला वारली गेले, मे महिन्यात झरीच्या सभेत वेठ बंद करण्याचं ठरलं, आणि लाल बावटा म्हणजे हुकूम असा अर्थ पाड्यापाड्यांत रुजला. हुकमाचं हे जाळं तारायंत्राचं नव्हतं. निरोप माणसाकडून माणसाकडे जाई, आणि त्याची खूण म्हणजे बावटा. सोव्हिएत तोडग्याची ही अगदी गावठी आवृत्ती. वर पक्ष, मध्ये किसान सभा, खाली पाडा.

तिची ताकद आणि तिचं दुखरं मर्म एकाच दिवशी दिसलं. ऑक्टोबर १९४५मध्ये पाड्यांवर निरोप फिरला की तलवाड्याला जमा, हत्यारं घेऊन या, बाईंच्या, म्हणजे गोदावरी परुळेकरांच्या, जिवाला धोका आहे. निरोप खोटा होता. बाईंनी कुणालाच बोलावलं नव्हतं. वारली काठ्या-कोयते घेऊन हजारोंनी जमले आणि १० तारखेच्या रात्री पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगडसह पाचजण ठार झाले. तरी लोक हलेनात, कारण बाईंचा निरोप आहे अशी त्यांची खात्री होती. निघून जा असं सांगणारं, त्यांना पटेल असं माणूस पोचेपर्यंत ते बसून राहिले. जिथे हुकूम एकाच नावाने ओळखला जातो, तिथे ते नाव शत्रूलाही वापरता येतं. मॉस्कोच्या लाल फाइलीत हा धोका नव्हता. तलवाड्याच्या माळावर होता.

नऊ वर्षांनी, १९५४च्या पावसाळ्यात, याच मुलखाच्या कडेला बाकीचे गट येऊन थांबले. विश्वनाथ लवंदे आणि प्रभाकर सिनारी यांचं आझाद गोमंतक दल, पुण्याचे राजा वाकणकर, नाना काजरेकर यांच्यासारखे संघाचे कार्यकर्ते, आणि अप्पासाहेब करमळकरांची नॅशनल मूव्हमेंट लिबरेशन ऑर्गनायझेशन. १९५३पासून या मंडळींनी दमण-दादराच्या परिसरात हिंडून रस्ते, नद्या, चौक्या पाहून ठेवल्या होत्या, आणि एप्रिल १९५४मध्ये त्यांची एकजूट झाली. पैशाची सोय कशी झाली तेही खास मराठी आहे. सुधीर फडके या कटात होते आणि त्यांच्या शब्दावर लता मंगेशकरांनी पुण्यात गाण्याचा कार्यक्रम केला. त्याच्या मिळकतीतून हत्यारं आली. शिवशाहीर म्हणून पुढे घराघरांत पोचलेले बाबासाहेब पुरंदरेही या तुकडीत होते. स्ताव्काच्या पुरवठा खात्यात गायक आणि इतिहासकार नव्हते, हे नक्की.

मास्करेन्हस यांचा फ्रंट मात्र या एकजुटीत नव्हता. त्याने आपल्या हिशेबाने पहिली चाल केली. २१-२२ जुलैच्या रात्री दादराच्या पोलीस चौकीवर हल्ला झाला. उपनिरीक्षक अनिसेतु द रोझारिओ आणि शिपाई अंतोनिओ फर्नांडिस मारले गेले. दादरा म्हणजे जेमतेम तीन गावं, नगर हवेलीपासून तुटलेली, मधे भारताची जमीन. आठवडाभराने, २८ जुलैला, दल आणि संघाच्या तुकडीने दमणगंगेच्या पुरातून नरोली गाठली आणि तिथल्या पोलिसांनी शरणागती पत्करली. गोवन पीपल्स पार्टीचे जॉर्ज वाझ आणि ठाण्याच्या कम्युनिस्टांचे वारली कार्यकर्तेही हवेलीत घुसायच्या तयारीत होते. एका गटाने दुसऱ्याला पुढची चाल सांगितल्याचं फारसं दिसत नाही. उलट आपल्याआधी दुसरे सिल्वाशाला पोचतील ही धास्ती प्रत्येकाला होती. माझ्या मते या चढाओढीनेच कामाला वेग दिला. समन्वय समितीची बैठक घेत बसले असते तर पावसाळा संपला असता.

खरी मेख पलीकडच्या बाजूला होती. सिल्वाशाचा प्रशासक कॅप्टन व्हर्जिलिओ फिदाल्गो हा नीट बांधलेल्या उतरंडीतला शेवटचा दुवा. त्याच्यावर दमणचा गव्हर्नर, त्यावर गोव्यातले गव्हर्नर-जनरल, त्यावर लिस्बनमध्ये सालाझार. तिथेही कम्युनिस्टांचा कट्टर वैरी असलेला एक हुकूमशहा सगळी सूत्रं हातात धरून होता, म्हणजे माथा तसा मॉस्कोसारखाच. पण दमण आणि सिल्वासा यांच्यामध्ये भारताची भूमी होती, आणि जुलैच्या उत्तरार्धात भारत सरकारने ती वाट बंद केली. सैनिक नाही, पोलीस नाही, अधिकारीसुद्धा नाही. फिदाल्गोला हुकूम देणारे भरपूर होते, मदत धाडू शकणारा एकही नव्हता.

वाट अडवून उभे होते मुंबई राज्याचे राखीव पोलीस, आणि त्यांचे प्रमुख जमशेद नगरवाला. गांधीहत्येचा तपास ज्यांनी केला तेच हे नगरवाला. १९४८ साली ज्या संघाकडे त्यांची करडी नजर होती, त्याच संघाची पोरं आता त्यांच्या डोळ्यांदेखत सीमा ओलांडत होती आणि ते दुसरीकडे बघत होते. मुंबईचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई, त्यांच्यावर दिल्लीत नेहरू. कुणीही लेखी हुकूम देणार नव्हतं. या मोहिमेला सर्वोच्च हुकमत होतीच असेल तर ती या न बोलण्यात होती. कुणाला सीमेपलीकडे जाऊ द्यायचं, कुणाला अडवायचं, किती दिवस डोळेझाक करायची, एवढंच नगरवालांच्या हाती होतं. पण सिल्वासा कुणाच्या हाती पडणार, याचा अर्धा निर्णय तेवढ्यात होत होता. कम्युनिस्टांना इथे तळ ठोकू देण्याची मोरारजींच्या सरकारला हौस नव्हती, हे सांगायला कागद लागत नाही.

१ ऑगस्टला दल आणि संघाच्या तुकड्या करंबेळीच्या तळावरून निघाल्या. पिपरियाची चौकी पडली, आणि फिदाल्गो दीडशे माणसं घेऊन खानवेलच्या रानाकडे सरकला. २ ऑगस्टला सिल्वाशावर तिरंगा चढला. फिदाल्गो दक्षिणेकडे जात राहिला आणि ११ ऑगस्टला उधवा इथे भारतीय पोलिसांच्या स्वाधीन झाला. उधवा आज तलासरी तालुक्यात आहे, म्हणजे लाल बावट्याच्या ऐन मुलखात. तो वारल्यांना नाही, स्वयंसेवकांना नाही, सरकारी पोलिसांना शरण गेला. उतरंडीतल्या माणसाला शरण जायलाही उतरंडच लागते.

सेनापती नसण्याचा खरा फायदा कळला तो हेगमध्ये. पोर्तुगालने डिसेंबर १९५५मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. मुळापासून सगळं निघालं. १७७९चा पेशव्यांशी पुण्यात झालेला तह, ‘संताना’ नावाच्या जहाजाची भरपाई, बारा हजारांच्या वसुलीसाठी १७८३ आणि १७८५ साली लावून दिलेली ही गावं. भारताच्या बाजूने ॲटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड उभे होते, आणि खास न्यायमूर्ती म्हणून मुंबईचे एम. सी. छागला बसले होते. १२ एप्रिल १९६०च्या निकालात न्यायालयाने म्हटलं, की नागरिक, मुलकी अधिकारी आणि माल यांना ये-जा करण्याचा पोर्तुगालचा हक्क होता. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा यांना नव्हता. हा दुसरा मुद्दा आठ विरुद्ध सात मतांनी सुटला. आणि भारताने काही बेकायदा केलं नाही, हे नऊ विरुद्ध सहा. एवढ्या काठावरच्या निकालात, दिल्लीच्या सहीचा एखादा लष्करी हुकूम, नेमलेला एखादा कमांडर पोर्तुगालच्या वकिलांच्या हाती लागला असता तर पारडं कुठे झुकलं असतं, याचा विचार करून बघावा. दादरा ते उधवा एकही कागद असा नव्हता.

गोव्यासाठी डिसेंबर १९६१मध्ये सगळं रीतसर झालं. दक्षिण विभागाचे लेफ्टनंट जनरल जे. एन. चौधरी, प्रत्यक्ष मोहिमेवर मेजर जनरल के. पी. कँडेथ, तिन्ही दलं, आणि जेमतेम दोन दिवसांत काम तमाम.

सिल्वाशाची सात वर्षं मात्र अधांतरी गेली. अप्पासाहेब करमळकर पहिले प्रशासक झाले, वरिष्ठ पंचायत बसली, जुन्या पोर्तुगीज तिकिटांवर ‘लिबरेटेड एरियाज’ असा छाप मारून टपाल चाललं. हा मुलूख पोर्तुगालचा नव्हता, आणि कागदोपत्री भारताचाही नव्हता. १२ जून १९६१ला वरिष्ठ पंचायतीने विलीनीकरणाचा ठराव केला. पण नेहरूंबरोबर करार करायचा तर या बाजूलाही सरकारचा प्रमुख हवा. म्हणून के. जी. बदलानी नावाच्या भारतीय प्रशासकीय सेवेतल्या अधिकाऱ्याला एका दिवसापुरतं दादरा आणि नगर हवेलीचं पंतप्रधान करण्यात आलं. त्यांनी सही केली, आणि दहाव्या घटनादुरुस्तीने ११ ऑगस्ट १९६१पासून हा प्रदेश भारताचा झाला. फिदाल्गोच्या शरणागतीला त्याच दिवशी सात वर्षं पूर्ण झाली होती. या मुलखाची सगळी सत्ता रीतसर एका माणसाच्या हाती आली ती बदलानींच्या, आणि त्यांच्याजवळ एक पेन होतं, फौज नव्हती.