धिंडीची रील आणि दहा हजारांचं बिल

मागच्या एपिसोडनंतर रिसोडच्या एका श्रोत्याने मला एक रील पाठवली आणि खाली एकच ओळ लिहिली, "भाऊ, हे कायद्यात बसते का?"

रील तुम्ही पाहिलेलीच असेल. ही नाही तर हिच्यासारखी दुसरी. सुरुवातीला पोट्टे कोयता नाचवताहेत, मागे दणदणीत गाणं. मग स्क्रीन काळी होते आणि तेच पोट्टे लंगडत, हात जोडत भर बाजारातून चालताना दिसतात. दोन्ही बाजूंना पोलीस. खाली लाईकचा पाऊस.

खरं सांगतो, मीही अशा रील्स लाईक केल्यात. ज्याच्या दुकानाची काच फुटली, ज्याच्या पोरीला रस्त्यात अडवलं, त्याला ते पाहून बरं वाटतं आणि त्या वाटण्याला मी नावं ठेवणार नाही. पण प्रश्न कायद्याचा आहे, आणि त्याचं उत्तर आपल्याच राज्यातल्या एका जुन्या प्रकरणात सापडतं.

गाव सोलापूर. खुनाच्या प्रकरणात रविकांत पाटील नावाच्या माणसाला अटक झाली. त्याला शहरातल्या मुख्य चौकांमधून नेणार, ही बातमी स्थानिक दैनिकात आधीच छापून आली. म्हणजे आजच्या भाषेत, रील यायच्या आधी स्टोरी पडली होती! मग खरोखरच बेड्या घालून, दंडाला दोर बांधून त्याला रस्त्यावरून चालवत नेलं. बघायला लोक जमले.

प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने म्हटलं की हा माणूस कच्चा कैदी आहे, त्याला असं मिरवणं म्हणजे संविधानाच्या कलम २१ चा भंग. कलम २१ म्हणजे जगण्याचा आणि व्यक्तिगत स्वातंत्र्याचा हक्क. सन्मानाने जगणं त्यातच येतं, आणि हा हक्क आरोपीलाही आहे. न्यायालयाने दहा हजार रुपये भरपाई दिली, ती पोलीस निरीक्षकाने स्वतःच्या खिशातून द्यायची, आणि त्याच्या सेवापुस्तकात तशी नोंदही करायची.

आता पुढचं ऐका, कारण खरी मेख इथे आहे. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९१ साली निकाल लागला. धिंड चुकीचीच, भरपाई द्यायचीच, हे कायम राहिलं. पण निरीक्षक अधिकारी म्हणून वागला होता, त्यामुळे पैसे राज्याने द्यावेत. आणि खातेनिहाय चौकशी न करता सेवापुस्तकात नोंद करता येणार नाही, हवं तर सरकारने चौकशी करावी. म्हणजे धिंड काढली एकाने आणि बिल भरलं तुम्ही-आम्ही, कराच्या पैशातून. चौकशीशिवाय शिक्षा नको, हे तत्त्व मला पटतं. गंमत एवढीच की रस्त्यावर चालवलेल्या माणसाच्या वाट्याला नेमकं हेच तत्त्व आलं नव्हतं.

"पण आता नवीन कायदा आलाय ना, बेड्या घालता येतात," असं कुणीतरी म्हणेलच. बरोबर आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम ४३ मध्ये सराईत गुन्हेगार, कोठडीतून पळालेला, खून, बलात्कार, अंमली पदार्थ, बेकायदा शस्त्र अशा प्रकरणांत बेड्यांना मुभा आहे. पण ती कधी? अटक करताना आणि कोर्टात हजर करताना. बाजारातून फिरवताना असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. उलट कलम ४६ सांगतं की पळून जाऊ नये यासाठी लागेल तेवढंच बंधन, त्यापेक्षा जास्त नाही. पोलीस सहसा म्हणतात, पंचनाम्यासाठी जागेवर नेलं होतं. जागेवर नेता येतं. पण पंचनाम्याला बॅकग्राउंड म्युझिक लागत नाही, राजेहो.

आणि या धिंडीचा फायदा शेवटी कुणाला होतो माहितीये? आरोपीच्या वकिलाला. साक्षीदार आरोपीला आधीपासून ओळखत नसेल, तर तुरुंगात ओळख परेड घेतात. त्याआधी आरोपीचा चेहरा साक्षीदाराला दिसू नये याची काळजी घ्यावी लागते. इथे तो चेहरा साऱ्या जिल्ह्याच्या मोबाईलवर फिरलेला! उलटतपासणीत वकील एवढंच विचारणार, "तुम्ही रील पाहिली होती का?" कॅमेऱ्यासमोर "चूक झाली साहेब" म्हणवून घेतात, तेही कोर्टात चालत नाही. पोलिसांसमोरचा कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा धरला जात नाही, आणि स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती संविधानाच्या कलम २०(३) ने बंद केली आहे.

त्यातला एखादा पोरगा अठराच्या आतला निघाला तर तुम्हीही अडकू शकता. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख उघड करायला बंदी आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. फॉरवर्ड करण्याआधी विचार करा.

आता अधिकाऱ्यावर खटला का होत नाही? एक तर अनेकदा सरकारची परवानगी लागते. शिवाय महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम १६१ आहे. कर्तव्याच्या ओघात केलेल्या कृतीबद्दल खटला सहा महिन्यांत दाखल झाला पाहिजे, आणि सरकारची परवानगी असेल तरच दोन वर्षांपर्यंत. पण १९६० च्या दशकातच आत्माराम खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की जबाब काढण्यासाठी मारहाण करायला कायद्यानेच मनाई आहे. मग ती मारहाण कर्तव्याच्या ओघात कशी बसेल? त्यामुळे तिथे ही ढाल चालत नाही.

एक प्रकरण आपल्या शेजारचं आहे. वाशीमहून गाडीत बसलं की हिंगोली, वसमत, पूर्णा आणि मग परभणी. १० डिसेंबर २०२४ ला तिथे डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची मोडतोड झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागलं, अटका झाल्या. त्यात सोमनाथ सूर्यवंशी होता, कायद्याचा विद्यार्थी. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना तो गेला. श्वसनाचा आजार होता, मारहाण झाली नाही, असं सरकारने विधानसभेत सांगितलं. शवविच्छेदनात मात्र अनेक जखमांमुळे बसलेला धक्का असं कारण आलं. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीतही पोलिसांकडे बोट दाखवलं गेलं.

तरी गुन्हा नोंदवला जात नव्हता. सोमनाथची आई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेली आणि ४ जुलै २०२५ ला गुन्हा नोंदवण्याचा आदेश झाला. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं, ३० जुलैला तिथेही हरलं. गुन्हा नोंदवणं म्हणजे दोष सिद्ध होणं नाही, हे इथे पोलिसांनाही लागू आहेच. पण हिशोब करा. नुसत्या एफआयआरसाठी एका आईला साडेसात महिने आणि दोन कोर्टं लागली.

म्हणून रिसोडच्या मित्रा, "बसत नाही" एवढं उत्तर देऊन मी थांबणार नाही. तुझ्या ओळखीच्या कुणाला उचललं तर काय करायचं, ते सांगतो. अटकेचं कारण लेखी मागायचं, तेही समजेल त्या भाषेत. सर्वोच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०२५ ला मुंबईतल्या एका अपघाताच्या प्रकरणात हे सगळ्या गुन्ह्यांसाठी बंधनकारक केलंय. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावंच लागतं, ते कलम २२ आहे. तिथे दंडाधिकाऱ्यांना "मारलं" हे तोंडाने सांगायचं आणि वैद्यकीय तपासणी मागायची. मनात ठेवलं तर कागदावर काही उरत नाही.

आणि सीसीटीव्ही. डिसेंबर २०२० च्या आदेशाप्रमाणे प्रत्येक ठाण्यात आवाजासह कॅमेरे हवेत, आणि फुटेज दीड वर्ष, जमलंच नाही तर किमान एक वर्ष, जपायला हवं. पण वाट बघत बसू नका. त्याच आठवड्यात पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज द्या, अमुक तारीख, अमुक वेळेचं फुटेज जपून ठेवा म्हणून. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक-जावकचा शिक्का घ्या आणि तिचा फोटो काढून ठेवा.

अर्जाचा मराठी नमुना हवा असेल तर व्हॉइस नोट टाका, पाठवतो.