तबकडी काय सांगते, काय गाळते?

कर्जत किंवा खोपोलीहून लोकल पकडली की शेवटचं स्टेशन सीएसएमटी. तिथून चालत दहा-पंधरा मिनिटांवर धोबीतलाव. गोव्याहून आलेले कितीतरी वादक या भागातल्या 'कूड'मध्ये, म्हणजे आपापल्या गावच्या सामायिक खोल्यांमध्ये राहिले. आज त्याच मुंबईतल्या एका गायिकेबद्दल बोलू: लॉर्ना कॉर्देरो.

प्रश्न साधा आहे. एखाद्या गायिकेच्या सुरुवातीच्या सगळ्या तबकड्या ऐकल्या, म्हणजे तिचं त्या काळातलं गाणं आपल्याला कळलं का?

थोडी पार्श्वभूमी. १९३०च्या दशकात, स्विंग ऐन भरात असताना, कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचे बँड मुंबईच्या ताजमध्ये वाजवत होते. चर्चच्या शाळेत नोटेशन शिकून आलेल्या गोवेकर वादकांनी हे संगीत पटकन उचललं. पुढे साठच्या दशकात ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन वाजवणारे ख्रिस पेरी आणि त्यांच्या बँडची गायिका लॉर्ना याच परंपरेतून आले.

आता गंमत बघा. चर्चगेटच्या अ‍ॅस्टोरिया हॉटेलातल्या 'व्हेनिस'सारख्या क्लबांत लॉर्ना गात होत्या ती मुख्यतः इंग्रजी जॅझ आणि पॉप गाणी. तबकड्यांवर मात्र त्या ओळखल्या जातात पेरींच्या कोकणी गाण्यांमुळे, उदाहरणार्थ 'बेबदो'. फक्त तबकड्यांवरून निष्कर्ष काढला तर 'ही कोकणी गायिका' एवढंच हाती लागेल, आणि रोजच्या रात्रीचं गाणं निसटेल.

माझ्या पहिल्या प्रस्तावात नेमकी हीच चूक होती. मार्गदर्शकांनी एकच विचारलं, "कंपनीने जे विकलं, तेच ती गात होती असं कशावरून?" उत्तर नव्हतं. प्रस्ताव पुन्हा लिहिला.

हा घोळ फक्त आपल्याकडचा नाही. बिली हॉलिडे यांचं पहिलं रेकॉर्डिंग नोव्हेंबर १९३३चं, बेनी गुडमन यांच्या बँडसोबत, वय १८. १९३५च्या तबकड्यांवर मोठं नाव टेडी विल्सन यांचं, गायिकेचं खाली बारीक. दहा इंची तबकडीत जेमतेम तीन मिनिटं, त्यातही वादकांचे तुकडे. मग ती थोडंच गायली, हा तिचा स्वभाव की तबकडीची मर्यादा?

म्हणून तुमच्या वहीत तीन रकाने आखा. पहिल्यात तबकडीवर जे आहे ते: लेबल, मॅट्रिक्स नंबर, लांबी, कुणाचं नाव कुठे छापलंय. दुसऱ्यात तबकडीबाहेरचं: क्लबच्या जाहिराती, वर्तमानपत्रं, फोटो. तिसऱ्यात माणसांच्या आठवणी. तिन्ही जुळत नाहीत तिथेच तुमचा संशोधनप्रश्न असतो.

एक सावधगिरी. २०१५चा 'नाचुंया कुंपासार' हा चित्रपट जरूर बघा, पण त्यातली पेरींची गाणी नव्याने बांधलेली आहेत. तो साठच्या दशकाच्या आवाजाचा पुरावा नव्हे, २०१५ने त्या काळाची आठवण कशी काढली याचा आहे.

आणि तिसरा रकाना आधी भरा. तबकडी कपाटात थांबेल. त्या क्लबांत वाजवलेली माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत.