बारा पत्रे लोखंडाचे, दोन उजेडाचे

मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात रायगड जिल्ह्यात पत्र्याचं काम करणारा मिस्त्री मिळवणं म्हणजे ऐन लग्नाच्या तिथीला आचारी शोधण्यासारखं. मृग तोंडावर आलेला, जो तो छपराच्या मागे, आणि हात चांगला असलेला मिस्त्री एकाच वेळी चार ठिकाणी 'उद्या येतो' म्हणून सांगून बसलेला. माणगाव तालुक्यात, ताम्हिणी घाटाच्या पायथ्याकडच्या एका शेतावर निवृत्त नवरा-बायकोनं वीस बाय चौदा फुटांची खोली स्वतःच्या हातानं उभी केली होती. जांभ्याचे चिरे दोघांनी रचलेले, लोखंडी पाइपांचा सांगाडा गावातल्या वेल्डरकडून करून घेतलेला. डोक्यावर मात्र आभाळ होतं.

पत्रा ठरलेलाच होता. कौलं हवीत असं बाईंचं मन सांगत होतं, पण आजूबाजूला विचारलं तर जो तो माकडांकडे बोट दाखवी. कोकणात गेल्या काही वर्षांत कौलं उतरून पत्रे चढले, त्याला वानरं हे एक मोठं कारण आहे. एक टोळी आढ्यावरून धावत गेली की दहा-वीस कौलं फुटलीच, आणि ती पुन्हा शाकारायला माणूस मिळत नाही. बाईंची हरकत वेगळ्याच गोष्टीवर अडली होती. त्यांच्या माहेरच्या घरात चुलीच्या वर काचेचं कौल होतं. माजघर काळोखी असलं तरी सकाळी त्या एका कौलातून उजेड भाकरीच्या परातीत पडायचा. पत्र्याचं घर म्हणजे दिवसाही दिवा लावा, असं त्यांचं म्हणणं. त्यावर तोड निघाली ती पारदर्शक पत्र्याची.

खरं तर काचेच्या कौलाची सोय पत्र्यात आणणं वाटतं तितकं सोपं नाही. मंगलोरी कौलं (बाझल मिशनचा मंगळूरचा कारखाना सुरू झाला 1865 साली) एकेकटी असतात. एक कौल काढून त्याच साच्याचं काचेचं सरकवलं की काम झालं. पत्रा मात्र वळचणीपासून आढ्यापर्यंत सलग असतो. नालीदार पत्र्याचं पेटंट लंडनमध्ये हेन्री पामरनं 1829 साली घेतलं, तेव्हापासून त्याची खुबी एकच: पातळ पत्र्याला वळ्या पाडल्या की तो स्वतःचा भार पेलतो. आता मधलाच एक पत्रा प्लास्टिकचा घालायचा, तर त्याच्या वळ्या शेजारच्या लोखंडी वळ्यांवर तंतोतंत बसायला हव्यात. दोन कंपन्यांच्या वळ्या सहसा जुळत नाहीत. म्हणून दुकानात जाताना लोखंडी पत्र्याचा वीतभर तुकडा पिशवीत टाकून न्यावा. या घरमालकांनी तसाच नेला होता, आणि पहिल्या दुकानातून त्यामुळेच हात हलवत परत आले.

दुकानात 'पारदर्शक पत्रा' मागितला की दोन भिन्न वस्तू समोर येतात. एक फायबरचा, म्हणजे काचतंतू रेझिनमध्ये बसवलेला. तो स्वस्त आणि कडक. पण उन्हापावसानं वरचा थर झिजला की तंतू उघडे पडतात, पत्रा केसाळ, पिवळट होतो आणि उजेड मंदावतो. दुसरा पॉलिकार्बोनेटचा. महाग, काचेसारखा स्वच्छ आणि आघाताला काचेपेक्षा कितीतरी पटींनी चिवट. त्याचं मर्म डोळ्यांना दिसत नाही. अतिनील किरण अडवणारा अगदी पातळ थर बहुधा त्याच्या एकाच बाजूला असतो, आणि ती बाजू आभाळाकडे लागते. उलटा बसला तर पहिल्या वर्षी काही कळत नाही. पुढे तो पिवळा पडतो, ठिसूळ होतो आणि दोष मालाच्या माथी मारला जातो. कोणती बाजू वर, हे त्यावरच्या संरक्षक फिल्मवर छापलेलं असतं. ती फिल्म खालीच सोलून, पत्रे ढिगात टाकून, मग कामाला लागणारे मिस्त्री कमी नाहीत. इथे शेवटी मिळालेल्या मिस्त्रींनी फिल्म काढण्याआधी एका कोपऱ्यात मार्करनं फुली मारली. एवढ्याशा गोष्टीवरून माणूस कळतो.

खोलीचं आढं पूर्व-पश्चिम होतं. म्हणजे एक पाखी दक्षिणेला, एक उत्तरेला. प्रत्येक पाखीला सात पत्रे, एकूण चौदा. बाईंना चार पारदर्शक हवे होते.

"ताई, मे महिन्यात आत भाकरी तव्याशिवाय भाजेल," मिस्त्री म्हणाले.

घासाघीस होऊन दोनांवर तडजोड झाली, दोन्ही उत्तरेच्या पाखीला. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या पाखीला ऊन थेट बसतं, उत्तरेला तिरपं आणि सौम्य. पण कोकणाच्या अक्षांशावर मेच्या मध्याला सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि जूनमध्ये चक्क किंचित उत्तरेला असतो, हेही विसरून चालत नाही. जमिनीच्या क्षेत्रफळाच्या दहाव्या हिश्श्याइतकी पारदर्शक जागा राहत्या खोलीला पुरे होते. इथे दोन पत्र्यांचा हिस्सा त्याहून बराच जास्त भरत होता.

काम सुरू झालं ते दोरी आणि टेपनं. हातानं बांधलेल्या खोलीचा सांगाडा गुण्यात, म्हणजे काटकोनात, असेलच असं नसतं, आणि हा नव्हता. समोरासमोरचे कर्ण मोजले तर दीड इंचाचा फरक निघाला. हा फरक भिंतीत खपतो, पत्र्यात खपत नाही. पहिला पत्रा तिरका लागला की पुढचे सगळे त्याच्या मागून तिरके जातात आणि वळचणीला पायऱ्या दिसतात. मिस्त्रींनी वळचणीची दोरी आढ्याला समांतर घेतली, पत्रे त्या दोरीशी काटकोनात लावले आणि दीड इंचाची चूक दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींकडे ढकलली. तिथे कडेचा दुमडपत्रा ती झाकून टाकतो.

पहिला पत्रा पूर्वेच्या टोकाला लागला. पावसाळी वारा इथे पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो. पूर्वेकडून पश्चिमेकडे जात प्रत्येक नवा पत्रा आधीच्यावर चढवला की जोडाची उघडी कड वाऱ्याकडे पाठ करते आणि पाऊस आत घुसत नाही. पत्र्याच्या एका कडेच्या वळीला एक बारीक खाचही असते. दोन पत्रे एकमेकांना चिकटले की पाणी त्या फटीतून वर चढत जातं. खाच ते तोडते. म्हणून खाचेची कड खाली आणि साधी कड वर. पत्रे चढवले ते दोन बांबू तिरके टेकवून, त्यावरून सरकवत. काम सकाळी साडेसहाला सुरू आणि अकराला बंद. पुढे पत्र्यावर हात ठेववत नाही, शिवाय दुपारचा वारा सुटला की दहा फुटी पत्रा धरलेला माणूस पत्र्यासकट ओढला जातो.

वाऱ्याची धास्ती इथे पोकळ नाही. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळलं, ताशी 110 ते 120 किलोमीटरच्या वाऱ्यानं, आणि माणगाव-म्हसळा-श्रीवर्धन पट्ट्यातली छपरं पाचोळ्यासारखी उडाली. अर्धा मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचं वजन चौरस मीटरला चार किलोच्या आसपास. कौलं रिपांसकट याच्या दसपट तरी भरतात. हलकेपणामुळे पत्रा सांगाड्याला सोयीचा आणि त्याच हलकेपणामुळे उडायला मोकळा. वारा छपराला दाबतो त्याहून जास्त वर ओढतो, आणि ही ओढ कोपरे, वळचण आणि आढं इथे सगळ्यांत जोरकस असते. त्यामुळे मिस्त्रींनी या कडांना प्रत्येक वळीवर स्क्रू मारला, मधल्या पट्ट्यांवर एक सोडून एक. सांगाड्याचे खांब जमिनीत काँक्रीटमध्ये होते, हे त्यांनी आधीच उकरून पाहिलं होतं. स्क्रूंनी पत्रा पाइपाला धरला तरी पाइपाला जमिनीनं धरलेलं असावं लागतं.

स्क्रू वळीच्या माथ्यावर मारायचा की खालच्या सपाटीवर, यावर पत्रेवाल्यांत दोन पक्ष आहेत. माथ्यावरचं भोक पाण्याच्या वाटेबाहेर राहतं, पण जोर जास्त झाला की माथा चेपतो. सपाटीवर पकड पक्की, पण सगळी भिस्त रबरावर. इथले मिस्त्री माथ्याच्या पक्षाचे. खरी कसोटी मात्र दोन्हीकडे एकच, ती म्हणजे रबरी वॉशर. ड्रिलमशीनचा आवाज जड झाला की त्यांचं बोट सुटायचं. वॉशरचं रबर लोखंडी टोपीच्या कडेबाहेर केसभर डोकावलं पाहिजे. डोकावलं नाही तर स्क्रू सैल, फुगून बाहेर आलं तर घट्ट. घट्ट झालेलं रबर दोन-तीन उन्हाळ्यांत चिरतं आणि छप्पर तिथेच गळायला लागतं. मदतीचा पोरगा जोर लावून आवळायचा, तेव्हा मिस्त्री मशीन हातातून घेऊन स्क्रू अर्धा आटा मागे फिरवायचे. बोलायचे काही नाहीत.

आणि मग पारदर्शक पत्रा वर आला आणि सगळा कायदा उलटला.

पॉलिकार्बोनेट उन्हात लोखंडाच्या पाच-साडेपाच पट पसरतं. हिशेब सोपा आहे. दहा फुटी पत्रा पावसाळी रात्रीपासून भर उन्हापर्यंत चाळीस अंशांनी तापला तर लोखंड जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं, पॉलिकार्बोनेट आठ. म्हणजे शेजारी शेजारी बसलेले दोन पत्रे रोज एकमेकांवर घासत सरकणार. लोखंडी पत्र्यात स्क्रू स्वतःच भोक पाडत जातो. इथे तसं केलं तर पसरायला जागा उरत नाही आणि भोकापासून तडा जातो. म्हणून आधी वेगळ्या ड्रिलनं, दाब न देता, स्क्रूच्या जाडीच्या जवळजवळ दुप्पट भोक पाडलं. ड्रिल फिरताना पांढरी भुकटी उडत होती. मोठा तुकडा निघाला असता तर वेग चुकला असं समजायचं. मग स्क्रू भोकाच्या बरोबर मध्ये, त्यावर रुंद वॉशर, आणि रबर टेकलं की थांबायचं. बोटानं ढकलल्यावर पत्रा किंचित हलला, तेव्हा कुठे मिस्त्री पुढच्या भोकाकडे वळले.

"हलतोय की!" खालून घरमालक ओरडले.

"हलायलाच पायजे, काका."

या पत्र्याखालचे पाइप आधीच पांढरे रंगवून घेतले होते. काळा पाइप उन्हात इतका तापतो की त्यावर टेकलेलं पॉलिकार्बोनेट लवकर खराब होतं. जोडातल्या सिलिकॉनचीही परीक्षा झाली. घरमालकांनी आणलेल्या ट्यूबला व्हिनेगरसारखा आंबट वास होता. तसलं सिलिकॉन वाळताना आम्ल सोडतं, आणि ते पत्र्यावरच्या जस्ताच्या थराला खातं. ट्यूब बदलून आणायला काकांना पुन्हा माणगावला जावं लागलं. जाताना कुरकुरले, पण गेले.

दिवसाअखेरचं एक काम बहुतेक ठिकाणी कोणीच करत नाही. ड्रिलमधून पडलेले लोखंडाचे बारीक कण छपरावर राहिले तर पहिल्या पावसात गंजतात आणि चांगल्या रंगावर तांबडे ठिपके उठवतात. ग्राइंडरच्या ठिणग्या तर रंगात घुसूनच बसतात. इथे कापायचं सगळं काम खाली जमिनीवर कातरीनं झालं आणि वर रोज मऊ झाडू फिरला. शेवटी आढ्यावर रिज चढला, त्याखाली वळ्यांच्या आकाराचे फोमचे तुकडे आणि वळचणीला पन्हळ.

पाऊस आला तेव्हा छप्पर गळलं नाही. आवाज मात्र झाला. पत्र्याखाली काही नसेल तर मोठ्या सरीत शेजारच्याशी बोलता येत नाही, हे पत्र्याच्या घराचं वास्तव आहे. ढगाआडून ऊन आलं की पारदर्शक पत्रा टकटक वाजतो. हिवाळ्यात पहाटे लोखंडी पत्र्याला आतून घाम येतो. ओट्यावर दिवसभर उजेड असतो आणि बाई त्यावर खूश आहेत. पण पुढच्या एप्रिलमध्ये दोनपैकी एका पत्र्याखाली हिरवी शेडनेट बांधावी लागली. चौदा फूट रुंदीच्या खोलीला एकच पुरला असता.

पावसाळ्यात पारदर्शक पत्र्यावर शेवाळ धरतं. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं एवढंच वापरावं. थिनर लागला की तडे जातात, काथ्यानं ओरखडे उठतात. धुण्यासाठी वर चढायचं झालं तर आडव्या पाइपांच्या ओळीवर फळी टाकून तिच्यावरूनच सरकावं. पारदर्शक पत्र्यावर पाय ठेवू नये, तो कितीही चिवट असला तरी. काही वर्षांनी धूळ आणि शेवाळानं तो शेजारच्या पत्र्यासारखाच दिसू लागतो, आणि छपरावरून आत कोसळण्याचे अपघात असेच होतात. या खोलीत दोन्ही पत्र्यांच्या चारही कोपऱ्यांजवळच्या लोखंडावर मिस्त्रींनी जाण्यापूर्वी लाल रंगाचे ठिपके काढून ठेवले आहेत.

तुम्ही असा पत्रा घ्यायला निघाला असाल, तर लोखंडी पत्र्याचा तुकडा बरोबर न्या आणि दुकानदाराला भावाच्या आधी विचारा: आभाळाकडची बाजू कोणती? त्याला सांगता आलं नाही, तर दुसरं दुकान गाठा.