विंचवाचं विष पेशीत शिरत नाही

उदगीरला माझं औषधांचं दुकान आहे. सोयाबीनची काढणी सुरू झाली किंवा कुणी जुन्या माळवदाची भिंत उकरायला घेतली, की "ताई, विंचवाची गोळी द्या" म्हणत देवणी-जळकोटकडचं कुणीतरी येतंच. ती गोळी म्हणजे प्राझोसिन, मूळची रक्तदाबाची. चिठ्ठीशिवाय मी ती देत नाही. आधी पेशंटला दवाखान्यात न्या, म्हणते. पण रक्तदाबाची गोळी विंचवावर कशी चालते, असं कुणी विचारलं तर सांगायला मला आवडतं.

आपल्या प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थांचं दुपदरी पटल असतं. त्याची जाडी पाचएक नॅनोमीटर. अशी दोन लाख पटलं एकावर एक रचली तेव्हा कुठे एक मिलिमीटर भरेल. सोडियम, पोटॅशियम यांचे विद्युतभारित कण या स्निग्ध थरातून जाऊ शकत नाहीत. त्यांची ये-जा होते ती पटलात आरपार बसलेल्या प्रथिनांमधून. चेतापेशीवरचं सोडियम चॅनेल ही सुमारे दोन हजार अमिनो आम्लांची एक लांब साखळी आहे. वाकळ शिवताना दोरा खालीवर जावा, तशी ती पटलातून चोवीस वेळा जाते आणि मधोमध बारीक वाट ठेवते. वाट उघडली की सोडियमचे कण आत घुसतात आणि मिलिसेकंदभरात ती मिटते. या उघडमिटीवरच चेतातंतूतला संदेश पुढे सरकतो.

काही प्रथिनं वाट देत नाहीत, नुसता निरोप पोचवतात. रक्तवाहिन्यांच्या स्नायूंवर अल्फा-१ रिसेप्टर असतो. तो पटलातून सात वेळा जातो. बाहेरच्या बाजूला नॉरॲड्रेनॅलिन चिकटलं की आतल्या बाजूचा आकार बदलतो आणि स्नायू आवळतो. नॉरॲड्रेनॅलिनला त्यासाठी आत जावं लागत नाही.

माझ्या कपाटातली कितीतरी औषधं याच पटलापाशी काम करतात. ॲम्लोडिपिन कॅल्शियमचं चॅनेल अडवतं, पॅन्टोप्राझोल जठरातला आम्लाचा पंप बंद पाडतं. ओआरएसमध्ये मिठाबरोबर साखर असते, कारण आतड्यातलं एक प्रथिन दोघांना जोडीनंच आत घेतं आणि मागोमाग पाणी येतं.

लाल विंचवाचं विषही पटलाबाहेर राहूनच घात करतं. ते सोडियम चॅनेलला बाहेरून धरतं आणि नीट मिटू देत नाही. चेतातंतू थांबायचं विसरतात; रक्तात ॲड्रेनॅलिन-नॉरॲड्रेनॅलिनचा पूर येतो. अल्फा रिसेप्टर एकसारखे चेतवले जातात, रक्तवाहिन्या आवळत जातात, हृदय दमतं आणि फुप्फुसात पाणी साचतं. याच विषातला ३७ अमिनो आम्लांचा आयबेरिओटॉक्सिन हा घटक पोटॅशियमचं एक चॅनेल बुजवतो. १९९०पासून तो शास्त्रज्ञांच्या हाती आहे. ते चॅनेल ओळखायला प्रयोगशाळांत तोच वापरतात.

विंचूदंशाचे असे मृत्यू जवळून पाहिले ते डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी. माणूस आपल्या मराठवाड्याचा, जालना जिल्ह्यातल्या देहेडचा; नोकरी मात्र तेव्हा कोकणात, महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात. रुग्ण हृदय आणि फुप्फुसांमुळे दगावतात, हे त्यांनी तिथे टिपलं. त्याची लक्षणं त्यांनी १९८२मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडली आणि १९८६मध्ये त्याच नियतकालिकात प्राझोसिनच्या वापराबद्दल लिहिलं. पूर्वी गंभीर विषबाधेतले शंभरातले तीसच्या आसपास रुग्ण जात. प्राझोसिननंतर हे प्रमाण एक टक्क्याच्या घरात आलं.

मला यातली खरी हुशारी अशी वाटते: विषाने धरलेलं चॅनेल सोडवण्याच्या मागे ते लागले नाहीत. त्या गोंधळाचा मार ज्याच्यावर पडतो, तो पुढचा अल्फा रिसेप्टर त्यांनी हेरला. प्राझोसिन तिथे जागा अडवून बसतं. नॉरॲड्रेनॅलिन कितीही आलं तरी त्याला पुरेशी जागा मिळत नाही, रक्तवाहिन्या सैलावतात आणि हृदयाला दम घेता येतो. विष तोवर रक्तात असतंच. ते निष्प्रभ करण्याचं काम प्रतिविषाचं. दोन्ही एकत्र दिल्यास रुग्ण लवकर सावरतो, हे २०११मध्ये बावस्करांच्याच अभ्यासात दिसलं.

म्हणून दुकानात येणाऱ्याला मी एवढंच विचारते: ठणका किती आहे ते राहू द्या, हातपाय गार पडलेत का? घाम फुटलाय का? उलटी झाली का? यातलं एक जरी 'हो' असलं, तर गोळीची वाट न पाहता गाडी थेट दवाखान्याकडे वळवा.