काळजी करायची कोणी, काळजी घ्यायची कोणी?

मराठीत ‘काळजी’ या एका शब्दाला दोन क्रियापदे जोडली, की दोन निराळे अर्थ निघतात. ‘काळजी करणे’ म्हणजे मनाला घोर लावून घेणे. ‘काळजी घेणे’ म्हणजे सांभाळ करणे. मराठी ख्रिस्ती घरांत आणि मंडळ्यांत प्रार्थनेच्या वेळी जे मनन चालते, त्याचा मोठा भाग या दोन क्रियापदांमधल्या अंतराविषयी असतो, असे म्हटले तर वावगे ठरू नये. माणसाने काळजी करणे सोडावे, कारण ती घेणारा दुसरा कोणी आहे, असे हा उपदेश सांगतो. ऐकायला तो सोपा आहे, आचरायला अवघड आहे आणि चुकीचा समजला गेला तर घातकही आहे.

मनन म्हणजे शास्त्रातील एखादे वचन वाचायचे, त्यावर थोडा वेळ थांबायचे, त्या दिवसापुरता त्याचा आपल्याशी संबंध शोधायचा आणि मग प्रार्थना करायची. यात विद्वत्ता अपेक्षित नसते. मननाचे विषय बदलत राहतात. पण नम्रता, देवाकडून होणारा सांभाळ आणि अंतःकरणाची राखण हे तीन विषय फिरून फिरून येतात. बाहेरच्या वाचकाला ती तीन सुटी सुवचने वाटण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात ‘नव्या करारा’तील पेत्राच्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात, सहाव्या ते आठव्या वचनांत, ती एकापाठोपाठ एक आली आहेत. देवाच्या समर्थ हाताखाली नम्र व्हा. आपली सारी चिंता त्याच्यावर टाका, कारण त्याला तुमची काळजी आहे. आणि सावध, जागे राहा, असा त्या वचनांचा आशय आहे.

यातील पहिल्या दोन गोष्टींचा सांधा भाषांतरात बहुधा निसटतो. मूळ ग्रीकमध्ये ‘नम्र व्हा’ हे मुख्य क्रियापद आहे आणि ‘चिंता टाकून’ हे त्याला जोडलेले धातुसाधित. म्हणजे नम्र होणे ही एक आज्ञा आणि चिंता टाकणे ही दुसरी, असे नाही. चिंता सोपवून देणे हाच नम्र होण्याचा मार्ग आहे. सगळा भार आपल्याच खांद्यावर आहे, आपण क्षणभर हात सैल सोडला तर घरदार कोसळेल, अशी समजूत वरवर जबाबदारीची वाटते. पण तिच्या तळाशी अहंकाराचा अंश असतो. हा अहंकार मिरवत नाही, रात्री झोप लागू देत नाही इतकेच. घराघरांतील कर्त्या माणसांना हे वर्णन ओळखीचे वाटेल.

नम्रता कोणाकडे मागायची?

कोल्हापुरात या विषयाला आणखी एक बाजू आहे आणि तीच अधिक महत्त्वाची आहे. रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये अहमदनगरहून कोल्हापुरात आले आणि येथील मिशनचा आरंभ झाला. १८७० मध्ये हे काम अमेरिकन प्रेसबिटेरियन मंडळाकडे गेले. शहरातील वायल्डर मेमोरियल चर्च त्यांच्याच नावाने ओळखले जाते. त्यांचे पुत्र रॉबर्ट यांचा जन्म १८६३ मध्ये कोल्हापुरातच झाला आणि पुढे अमेरिकेतील विद्यार्थ्यांना परदेशी मिशनकडे वळविणाऱ्या मोठ्या चळवळीच्या प्रवर्तकांत त्यांची गणना झाली. मात्र कोल्हापूर आणि परिसरातील मंडळ्यांत जी कुटुंबे आली, त्यांतील पुष्कळ कुटुंबे त्या काळी अस्पृश्य गणल्या गेलेल्या समाजांतील होती. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर मान खाली घालून उभे राहावे लागले, त्यांनाच पुन्हा ‘नम्र व्हा’ असे सांगण्यात अर्थ काय, असा प्रश्न कोणी विचारला तर तो उद्धटपणाचा मानता येणार नाही. ज्या संस्थानात शाहू महाराजांनी १९०२ मध्ये मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या आणि ज्याच्या परिसरात मार्च १९२० मध्ये माणगाव परिषद भरून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नेतृत्व पुढे आले, तेथे स्वाभिमान हा शब्द कोणत्याही प्रवचनाहून कमी वजनाचा नाही.

या प्रश्नाचे उत्तर त्याच पत्रात, थोडे मागे जाऊन वाचले तर सापडते. नम्रतेची आज्ञा येण्यापूर्वी पहिल्या चार वचनांत मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बजावले आहे, की सोपविलेल्या लोकांवर धनीपणा गाजवू नका, पैशाच्या लोभाने काम करू नका. त्यानंतर तरुणांना वडिलांच्या अधीन राहण्यास सांगून लगेच ‘सर्वांनी एकमेकांशी’ नम्रतेने वागावे, असे म्हटले आहे. नम्रता ही खालच्याने वरच्याला द्यावयाची खंडणी नव्हे. पत्र ज्यांना लिहिले ते लोक आजच्या तुर्कस्तानच्या प्रांतांत विखुरलेले, उपरे मानले गेलेले अल्पसंख्याक होते आणि त्यांत गुलामही होते. त्यांना झुकायला सांगितले आहे ते देवाच्या हाताखाली. गावच्या पाटलापुढे नव्हे.

ग्रीक-रोमन जगात ‘नम्र’ या अर्थाचा शब्द बहुतेक वेळा हलकेपणाचाच होता. हीन, लाचार, गुलामी वृत्तीचा असा त्याचा रोख असे. हिब्रू भाषेत तर ‘नम्र’ आणि ‘दबलेला, गांजलेला’ या अर्थांचे शब्द एकाच कुळातले आहेत. ख्रिस्ती परंपरेने हा शब्द उचलला आणि त्याची दिशा उलटी केली. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात शेवटच्या भोजनाच्या रात्री येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो. आपल्याकडे शिष्य गुरूचे पाय धरतो. लग्नात वधुपिता जावयाचे पाय धुतो. पाय कोणी कोणाचे धुवायचे, हे समाजाने ठरवून ठेवलेले असते. येथे गुरूच खाली बसतो आणि पेत्र संकोचाने प्रथम नकार देतो. परंपरेनुसार नम्रतेचे ते पत्र लिहिणारा हाच पेत्र. पत्राच्या लेखकाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु मननासाठी बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे पाय मागे घेणारा तो कोळीच असतो.

म्हणून नम्रतेवरच्या चांगल्या मननात स्वतःला कमी लेखण्याचा सूर नसतो. ‘जुन्या करारा’त मोशेला पृथ्वीवरील सर्वांहून नम्र म्हटले आहे, आणि फारोच्या दरबारात जाऊन माझ्या लोकांना सोड, असे सांगणाराही तोच. आपल्या योग्यतेविषयी खोटे न बोलणे, मग ते वाढवून असो वा घटवून, एवढाच नम्रतेचा अर्थ घेतला तरी पुष्कळ झाले. ‘मी काय, मी तर पायाची धूळ’ असे सभेत म्हणून दोन खुर्च्या पुढे सरकणारी मंडळी सर्वच धर्मांत आढळतात. तो प्रकार वेगळा.

मराठीत हा भाव नवा नव्हताच. वारकरी परंपरेने लीनतेला आधीच घरातली भाषा दिली होती. नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले. या चोवीस वर्षांत त्यांनी अभंग आणि भजन ख्रिस्ती उपासनेत रुजविले. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशा आशयाचे त्यांचे म्हणणे प्रसिद्ध आहे. आजही मराठी मंडळ्यांत नम्रतेविषयी बोलताना इंग्रजी पुस्तकांतून आलेले शब्द परके वाटतात आणि ‘लीन’, ‘शरण’, ‘पायी’ हे शब्द सहज येतात. पंडिता रमाबाईंनी शास्त्राचे हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी भाषांतर करताना सामान्य स्त्रियांना कळेल अशा सोप्या मराठीचा आग्रह धरला, त्यामागेही हीच जाणीव होती. भाषा डोक्यावरून गेली तर मनन होत नाही, पाठांतर होते.

पूर आला तेव्हा

देवाच्या सांभाळाविषयी बोलणे कोरड्या दिवसांत सोपे असते. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळची धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. महामार्ग बंद पडला, शिरोळ तालुक्यातील गावे पाण्याने वेढली गेली, चिखली-आंबेवाडीच्या लोकांना घरे सोडून बाहेर पडावे लागले. अशा वेळी मत्तयाच्या सहाव्या अध्यायातील आकाशातील पाखरांचा आणि रानातील फुलांचा दृष्टान्त वाचून ‘काळजी करू नका’ म्हणणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होऊ शकते. ज्याची म्हैस वाहून गेली, त्याला पाखरांचे उदाहरण काय कामाचे?

येशूच्या शिकवणीत या प्रश्नाला बगल दिलेली नाही. पाऊस नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर सारखाच पडतो, असे तीच शिकवण सांगते. डोंगरावरील त्याच प्रवचनाच्या अखेरीस दोन घरांचा दृष्टान्त आहे. त्यात खडकावर बांधलेल्या घरावरही पूर येतो. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेल्याचा उल्लेख आहे आणि ती इतरांपेक्षा अधिक पापी होती, ही कल्पना येशू स्पष्ट शब्दांत नाकारतो. संकटात सापडलेल्याच्या पापाचा हिशेब मांडत बसणाऱ्यांनी हा भाग अवश्य वाचावा. सांभाळ म्हणजे संकटापासून सूट नव्हे. मंदिराच्या शिखरावरून उडी मार, देवदूत तुला झेलतील, असे सैतान स्तोत्रातील वचनाचा आधार देऊन सुचवतो, तेव्हा येशू देवाची परीक्षा पाहण्यास नकार देतो. धोक्याचा इशारा मिळूनही ‘देव बघून घेईल’ म्हणत घरात बसून राहणे हे या परंपरेत श्रद्धेत मोडत नाही.

मग सांभाळ दिसतो कोठे? बहुधा माणसांच्या हातांत. डॉ. विल्यम वानलेस १८८९ मध्ये भारतात आले आणि १८९४ मध्ये मिरजेत त्यांचे रुग्णालय उभे राहिले. कोल्हापूर-सांगली पट्ट्यातील कित्येक कुटुंबांना, ख्रिस्ती असोत वा नसोत, ‘देवाने सांभाळले’ या वाक्याचा अर्थ अशाच एखाद्या वॉर्डातील खाटेवर कळला असेल. काळजी करणे आणि काळजी घेणे यांतील अंतर येथे प्रत्यक्ष मोजता येते. स्वतःचा घोर ज्याने थोडा बाजूला ठेवला आहे, त्याचेच हात दुसऱ्याची काळजी घ्यायला मोकळे असतात.

झऱ्यावरचा पहारा

राखणीचे वचन ‘नीतिसूत्रे’च्या चौथ्या अध्यायात आहे. राखण्याजोग्या सर्व गोष्टींत अंतःकरण आधी राखावे, कारण जीवनाचे झरे तेथून निघतात, असा त्याचा भाव. मराठी भाषांतरकारांनी येथे ‘अंतःकरण’ शब्द योजला, तो मोठ्या नशिबाने म्हणा वा जाणतेपणाने, नेमका बसला आहे. हिब्रूत हृदय हे भावनांपेक्षाही विचारांचे आणि निश्चयाचे स्थान आहे. भारतीय दर्शनांतील अंतःकरणातही मन, बुद्धी, चित्त आणि अहंकार असे चारही येतात. ‘दिल’ म्हटले की प्रेमगीत आठवते. अंतःकरण म्हटले की हिशेब आठवतो. आणि या चौघांत अहंकार असल्यामुळे राखणीचा विषय नम्रतेपाशी पुन्हा येऊन मिळतो.

पन्हाळ्यावरची अंधारबाव पाहिलेल्या माणसाला हे वचन वेगळे समजावून सांगावे लागत नाही. तीन मजली भक्कम बांधकाम उभे केले ते मुळात पाण्यासाठी. तट शाबूत राहिला आणि आतले पाणी नासले, तर गड किती दिवस लढणार? अंतःकरणाची राखण म्हणजे चोहोबाजूंनी संशयाची भिंत घालणे, असा समज अनेकदा होतो. सिनेमा नको, परधर्मीय शेजारी नको, नवे पुस्तक नको, अशी नकारांची यादी म्हणजेच राखण मानली जाते. मार्कच्या सातव्या अध्यायातील शिकवण याच्या अगदी उलट बोट दाखवते. माणसाला बाहेरून आत जाणारे विटाळत नाही, आतून बाहेर पडणारे विटाळते. हेवा, लबाडी, गर्व. पहारा वेशीपेक्षा झऱ्यापाशी बसवायचा आहे. ‘नीतिसूत्रे’तही त्या वचनापुढे लगेच तोंड, डोळे आणि पाय यांच्याविषयी सूचना आहेत. वाकडे बोलू नये, नजर सरळ ठेवावी, पावलांची वाट तपासावी. हातातल्या मोबाइलवर आलेला दुसऱ्याच्या बदनामीचा मजकूर पुढे पाठविण्यापूर्वी थांबलेला अंगठाही या सूचनांत धरायला हरकत नाही.

राखण करायची कोणी, याविषयी मात्र शास्त्रात दोन सूर आहेत. ‘नीतिसूत्रे’ ती माणसावर सोपवते. फिलिप्पैकरांस पत्रात, चौथ्या अध्यायाच्या सहाव्या-सातव्या वचनांत, पौल सांगतो की कशाचीही चिंता न करता आपल्या मागण्या आभारासह देवापुढे ठेवा, म्हणजे देवाची शांती तुमच्या अंतःकरणांवर पहारा करील. तेथील ग्रीक क्रियापद लष्करी आहे. शहराच्या रक्षणासाठी शिबंदी ठेवणे, असा त्याचा अर्थ. फिलिप्पै ही निवृत्त रोमन सैनिकांची वसाहत असल्याने वाचणाऱ्यांना तो शब्द लगेच उमगला असणार. नम्रता, चिंता सोपवणे आणि पहारा हे तिन्ही येथेही जवळजवळ आले आहेत. त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ख्रिस्ताने दासाचे रूप घेतल्याचे वर्णन आहे. हे पत्र लिहिले तेव्हा पौल कैदेत होता आणि त्याच्या दाराशी पहारा होता तो रोमन शिपायांचा.