जीप रोलरवर चढली तेव्हा

आमच्या जांबोटीच्या मामांकडे फोर-व्हील-ड्राइव्हची जीप आहे. पावसाळ्यात शेताची वाट म्हणजे नुसता राडा, तेव्हा हीच घरातली बैलजोडी. गेल्या वर्षी तिची १५ वर्षे भरली. खासगी गाडीची नोंदणी तेवढीच असते. पुढे ५ वर्षे वाढवून घ्यायची तर तपासणी आलीच. मी शिकवतो इतिहास, पण कागदपत्रे वाचणारा भाचा म्हणून सोबत गेलो.

पूर्वी निरीक्षक गाडी थोडी पळवून करकचून ब्रेक दाबायचे. आम्ही गेलो त्या केंद्रावर जमिनीत रोलर होते. पुढची किंवा मागची चाकांची जोडी त्यांवर उभी करायची. मोटार रोलर सावकाश फिरवते, त्याबरोबर चाक फिरते आणि ब्रेक दाबला की डावे चाक किती अडवते, उजवे किती, हे यंत्र वेगवेगळे सांगते.

पुढची चाके रोलरवर गेली, रोलर फिरू लागले आणि जीपने एकदम पुढे उसळी घेतली! मामेभाऊ फोटो काढायला समोरच उभा होता. उडी मारून बाजूला झाला म्हणून वाचला. (मामींना हे अजून सांगितलेले नाही.)

सकाळी चिखलातून निघताना मामांनी फोर-व्हीलचा दांडा टाकला होता, तो तसाच राहिला. त्यामुळे पुढची-मागची चाके एकमेकांना बांधलेली. रोलरने पुढची फिरवली, तशी जमिनीवरची मागचीही फिरली आणि गाडी ढकलली गेली. आमच्या खानापूरच्या मिस्त्रीने आधीच बजावले होते, “मुंदिन गाली रोलर म्याल इद्दाग हिंदिन गाली तिरगबारदु नोड्री.” मामा विसरले हे खरे, पण चाके रोलरवर घेण्याआधी केंद्रातल्या कुणी दांडा कुठे आहे एवढे विचारायला नको होते?

दांडा टू-व्हीलवर आणून पुन्हा तपासले, तर मागचे डावे चाक जवळजवळ अडवतच नव्हते. सील गळून ॲक्सलचे ऑइल ब्रेकच्या पट्ट्यांवर आले होते. डांबरी रस्त्यावर ब्रेक लावला की गाडी उजवीकडे ओढायची, मामा म्हणायचे, रस्त्याचा उतारच तसा. आणि चिखलात चारही चाके बांधलेली असली की एका चाकाची कसर बाकीची भरून काढतात, दोष झाकला जातो.

ज्या गाड्यांची चारही चाके कायमच जोडलेली असतात, त्यांत काढायला दांडाच नसतो. त्या साध्या रोलरवर घेतल्या तर आतली यंत्रणाही बिघडू शकते. काही यंत्रे यासाठी जोडीतले एक चाक पुढे व दुसरे मागे, सारख्याच वेगाने फिरवतात. मधला शाफ्ट स्थिर राहतो. ब्रिटनच्या तपासणीत अशा गाड्यांना रस्त्यावर नेतात आणि वेग किती झपाट्याने उतरतो ते छोट्या उपकरणाने मोजतात. १ सप्टेंबर २०१० पूर्वीच्या मोटारींना तिथे ५० टक्के क्षमता लागते. आमच्या भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्यांनी हिशेब करून दिला : ताशी ४० किलोमीटरवरून साधारण साडेबारा मीटरमध्ये थांबणे. मात्र हे उपकरण सगळ्या चाकांचे मिळून सांगते; मामांचे ते डावे चाक त्यात वेगळे दिसले नसते. तिथे स्टीअरिंग कुणीकडे ओढते हे तपासनिसाच्या हातालाच कळायला हवे.

सील आणि पट्ट्या बदलल्यावर जीप पास झाली. मामांनी दांड्यापाशी टू-व्हीलच्या जागी नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला आहे. बाटली कशाला हवी होती, हे मामी अजून विचारतात.