छायाचित्रांपासून नकाशा : संगणकप्रणालींतील काही नवी साधने

बोलींची पाहणी करणाऱ्या विद्यार्थ्याला नकाशा हे साधन अपरिचित नाही. शब्दाच्या प्रसाराची सीमा नकाशावर रेखून दाखविण्याची पद्धत भाषाभ्यासात शतकाहून अधिक काळ रूढ आहे. नवे आहे ते एवढेच, की ज्या आधारपटावर ही रेषा काढावयाची, तो आधारपटही आता त्याला आपल्या टेबलावरील संगणकावर सिद्ध करता येतो. ड्रोनने टिपलेली काहीशे छायाचित्रे आणि विनामूल्य उपलब्ध असणारी उपग्रहचित्रे एवढी सामग्री त्यास पुरते. या कामाच्या प्रणालींत गेल्या काही वर्षांत जी साधने आली, त्यांचे कार्य कसे चालते आणि कोणत्या स्थळी ती अभ्यासकाच्या वतीने परस्पर निर्णय घेतात, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

छायाचित्र म्हणजे नकाशा नव्हे. छायाचित्रात कडेची झाडे व भिंती कललेल्या दिसतात, आणि टेकडीचा माथा पायथ्यापेक्षा मोठ्या प्रमाणात उमटतो. मेटाशेपसारखी प्रणाली शेजारच्या दोन छायाचित्रांत सत्तर-ऐंशी टक्के भाग सामाईक असावा अशी अपेक्षा करते. एकच दगड अनेक चित्रांत ओळखून ती प्रत्येक वेळची कॅमेऱ्याची जागा गणिताने काढते, आणि त्यावरून लक्षावधी बिंदूंची उंचीसह मांडणी करते. या मांडणीला बिंदुमेघ म्हणतात. त्याच्या आधारे प्रत्येक कण जणू थेट वरून पाहिला असावा अशा रीतीने पुन्हा बसविला, की ऑर्थोफोटो तयार होतो. तेव्हा ऑर्थोफोटो हे टिपलेले चित्र नसून रचलेले चित्र होय.

हा बिंदुमेघ उघडण्याची सोय क्यूजीआयएस या मुक्त प्रणालीत २०२१ च्या ३.१८ या आवृत्तीपासून झाली. २०२२ च्या ३.२६ मध्ये उंचीचा छेद पाहण्याचे साधन आले. नकाशावर एक रेषा ओढावी, आणि खालच्या चौकटीत त्या रेषेवरील चढउतार पाहावेत. २०२३ च्या ३.३२ पासून बिंदुमेघ कापणे, जोडणे, विरळ करणे ही कामेही तेथेच होऊ लागली.

येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. ड्रोनवरील ग्राहकयंत्राने दिलेली उंची पुष्कळदा पृथ्वीच्या गणिती आकारापासून मोजलेली असते, समुद्रसपाटीपासून नव्हे. मुंबईच्या परिसरात या दोहोंत साठ मीटरांहून अधिक अंतर पडते, आणि ते असे, की किनाऱ्यावरचे घर खुशाल समुद्राखाली गेलेले दिसावे! २०२४ मधील आवृत्त्यांत उंचीची संदर्भपातळी स्वतंत्रपणे नोंदविण्याची तरतूद झाली आहे. मात्र ती नोंद अभ्यासकाने करावयाची असते.

याहून सूक्ष्म प्रश्न जमिनीचा आहे. बिंदुमेघात छपरे, झाडे, गवताच्या गंजी सर्वच आलेली असतात. त्यांतून नुसती भूमी वेगळी काढण्याची एक युक्ती २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि ती क्लाउडकंपेअर या प्रणालीत उपलब्ध आहे. सारा भूभाग गणितात उलटा करावयाचा आणि त्यावर एक काल्पनिक कापड सोडावयाचे. कापड ज्या बिंदूंना टेकेल ती भूमी. ज्यांच्यापासून ते दूर राहील ती घरेझाडे. कल्पना मोठी रम्य आहे. परंतु कापड किती ताठ ठेवावे हे वापरणाऱ्याने ठरवावयाचे असते. ते फार ताठ ठेवल्यास सह्याद्रीच्या उतारावरील खाचरांचे बांध झाडांबरोबर वगळले जातात. फार लवचीक ठेवल्यास मोठी छपरे भूमीत जमा होतात. देशावरच्या सपाट शिवारातून उचललेला आकडा कोकणात चालत नाही.

आता आकृती वेगळ्या करणाऱ्या साधनांकडे वळू. मेटा या कंपनीने एप्रिल २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेली 'सेगमेंट एनिथिंग' ही रचना पूरक जोडणीद्वारे क्यूजीआयएसमध्ये वापरता येते. शेतावर एकदा टिचकी मारली, की शेताची कड आपोआप रेखली जाते. ही कड हाताने रेखण्यात तास गेले आहेत त्यांना या सोयीचे मोल सांगावयास नको. तथापि ती मूळ रचना कड ओळखते, वस्तू ओळखत नाही. रेखलेल्या आकृतीला नाव देणे ही दुसरी क्रिया होय, आणि भाषाशास्त्राचा विद्यार्थी तेथे थबकला पाहिजे.

युरोपीय अवकाश संस्थेच्या 'वर्ल्डकव्हर' या जागतिक नकाशात साऱ्या भूपृष्ठासाठी अकरा वर्ग आहेत. रत्नागिरीच्या बाजूला जांभ्या दगडाच्या उंच पठाराला सडा म्हणतात. एप्रिलच्या चित्रात तो काळपट उघडा कातळ दिसतो; ऑगस्टच्या चित्रात त्यावर गवत व रानफुले दाटलेली असतात. त्याच सड्यावर गुरे चरतात, खोलगट जागी भात होते, आणि कातळशिल्पेही तेथेच कोरलेली आहेत. त्यांपैकी काही स्थळांचा २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत समावेश झाला. अकरांपैकी कोणता वर्ग 'सडा' या एका शब्दाला पुरा पडेल? 'उघडी वा विरळ वनस्पतींची जमीन' हे नाव खोटे नाही. पण ते एकदा कागदोपत्री चढले, की तेथून 'पडीक' हे अंतर फार थोडे उरते, आणि पडीक जमिनीविषयीचे निर्णय निराळे असतात.

म्हणून पाहणी करताना गुणतालिकेत दोन स्तंभ ठेवावेत, एक यंत्राने दिलेल्या वर्गाचा आणि दुसरा गावकऱ्यांनी सांगितलेल्या शब्दाचा. दोहोंपुढे चित्राचा महिना अवश्य लिहावा. फाइल मात्र जुन्या शेपफाइल प्रकारात ठेवू नये. त्या प्रकारात स्तंभाच्या नावास दहा बाइटांचीच जागा असते, आणि युनिकोडच्या रूढ मांडणीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मात्रा धरून, तीन बाइट घेते. 'नाव' हा शब्द त्यात कसाबसा मावतो, 'गावठाण' मावत नाही. क्यूजीआयएस २०१८ पासून नव्या थरासाठी जिओपॅकेज हा जो प्रकार आपण होऊन सुचविते, त्यास ही अडचण नाही.